हत्यारांचं टेस्टिंग : स्टिकरच्या आधी अर्थची वायर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत १८ कामगारांचं फॅब्रिकेशन युनिट, इंग्लंडच्या कस्टमरचा ऑडिटर येऊन गेला आणि लिहून गेला की हातात धरायची मशीनं, एक्स्टेंशन बोर्ड, पंखे, कुलर यांचं इलेक्ट्रिकल टेस्टिंगचं रेकॉर्ड नाही. एक एजन्सी म्हणते १४० नग अर्ध्या दिवसात टेस्ट करून, स्टिकर लावून सर्टिफिकेट देतो. ते करून घ्यावं का, आपल्या वायरमनने मल्टिमीटरने बघितलं तर चालेल का, आणि दर वर्षी करणं सक्तीचं आहे का.

मी २६ वर्षं कारखान्यांच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहे आणि त्यातला बराच काळ याच कामात गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नुसता हिशोब करून बघा. अर्धा दिवस म्हणजे ४ तास, २४० मिनिटं, नग १४०, म्हणजे एका नगाला पावणेदोन मिनिटंसुद्धा येत नाहीत. तेवढ्यात मशीन चालू कामातून बाजूला घ्यायचं, वायर पूर्ण लांबी हातातून फिरवायची, पिनटॉप (वायरच्या टोकाचा प्लग) उघडायचा, रीडिंग घ्यायची, रजिस्टरला लिहायची आणि स्टिकर लावायचा, हे होत नाही. मला एक मदतनीस घेऊन ग्राइंडर-ड्रिलसारख्या नगाला ६-७ मिनिटं लागतात, पिनटॉप बदलावा लागला तर जास्तच. १४० नग म्हणजे दोन पूर्ण दिवस. जो अर्ध्या दिवसात करतो म्हणतोय तो स्टिकर लावणार आहे, टेस्ट करणार नाहीये.

सक्तीचं विचाराल तर, ऑडिटर ज्याला पीएटी (हलवता येणाऱ्या विजेच्या उपकरणांचं टेस्टिंग) म्हणतो ते मूळ इंग्लंडचं, पण तिथेही दर वर्षी टेस्ट करा किंवा स्टिकर लावा असं कायद्यात लिहिलेलं नाही. त्यांचा १९८९ चा कामाच्या जागेच्या विजेचा नियम एवढंच म्हणतो की उपकरणं धोका होणार नाही अशा स्थितीत ठेवा. त्यांचं सरकारी सुरक्षा खातं, एचएसई, स्वतः सांगतं की वार्षिक टेस्टची सक्ती नाही, किती दिवसांनी करायचं ते वापर आणि जागा बघून ठरवा. आणि आयईटी या तिथल्या इंजिनिअरांच्या संस्थेच्या टेस्टिंगच्या कोडच्या २०२० च्या आवृत्तीत तर आधी जो ठरलेल्या मुदतींचा तक्ता होता तोच काढून टाकलाय. आपल्याकडे सीईएचे, म्हणजे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे, २०२३ चे सुरक्षा नियम आहेत, २०१० च्या नियमांच्या जागी आलेले. स्टिकरचा काही भाग नाही त्यात, पण उपकरण सुरक्षित ठेवायची जबाबदारी आपलीच राहते. म्हणजे ऑडिटरला दाखवायचं काय, तर तुमची यादी, तुमची पद्धत, आणि खरी रीडिंग. हे तुम्ही घरच्या घरी करू शकता, माणूस परवानाधारक आणि समजून करणारा पाहिजे एवढंच.

आता मुद्द्याचं. फेजची वायर तुटली की मशीन बंद पडतं, न्यूट्रल तुटली तरी बंद पडतं, कामगार लगेच बोंब मारतो आणि दुरुस्ती होते. अर्थची वायर, म्हणजे बॉडीला लागलेला करंट जमिनीकडे नेणारी हिरवी वायर, तुटली तर काहीच होत नाही. मशीन तसंच चालतं, त्याच आवाजात, त्याच ताकदीने, सहा महिने, दोन वर्षं. कोणाला कळायचं कारणच नाही. आणि ज्या दिवशी आत फेज बॉडीला लागते त्या दिवशी कळतं, ते मशीन धरलेल्या माणसाच्या हाताला. हे सगळं टेस्टिंग मुळात या एका गोष्टीसाठी आहे असं मी मानतो, बाकी सगळं त्याच्या नंतर.

म्हणून सुरुवात मीटरने करू नका, डोळ्याने आणि हाताने करा. बहुतेक दोष इथेच सापडतात. पिन काढून मशीन हातात घ्या, वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुठीतून सरकवत न्या, कट, फुगवटा, ग्राइंडिंगच्या ठिणग्यांनी जळालेले डाग, इन्सुलेशन टेपचे जोड हाताला लागतात. टेपचा जोड असेल तर ती वायर बाद, बदला, परत टेप मारू नका. मग दोन जागा नीट बघा, वायर मशीनमध्ये शिरते तिथला रबरी बूट आणि पिनटॉपमध्ये शिरते ती जागा, कारण वायर इथेच रोज वाकते आणि आतल्या तारा इथेच तुटतात. बाहेरचं रबर आखूड झालं असेल आणि आतल्या रंगीत वायरी दिसत असतील तर ग्रिपचा स्क्रू पकडत नाहीये. मग पिनटॉप उघडा, मोल्डेड नसेल तर प्रत्येक वेळी उघडा. आत मला काय काय सापडलंय, हिरवी वायर कापून मागे दुमडलेली, एका-दोन तारांवर लटकलेली, स्क्रूखाली रबरासकट दाबलेली. पिनटॉप भरताना अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब सोडायची, म्हणजे उद्या कोणी वायर ओढली तर फेज आधी निसटेल आणि अर्थ सगळ्यात शेवटी. आणि तारांच्या टोकांना सोल्डर लावून स्क्रूखाली देऊ नका, सोल्डर दाबाने हळूहळू पसरतं आणि स्क्रू ढिला पडतो. पिनटॉप नसेलच, नुसत्या वायरी सॉकेटमध्ये काड्या खोचून लावल्या असतील तर त्या नगाचं टेस्टिंग करायची गरज नाही, तो तिथेच बाद.

मल्टिमीटरचा बझर. हा विषय मला जरा ठासून सांगायचाय, कारण जवळजवळ प्रत्येक वायरमन अर्थची कंटिन्युइटी (वाट सलग आहे का ते) बझरने बघतो आणि वाजला की ओके म्हणतो. बझर बऱ्याच मीटरमध्ये २०-३० ओहमपर्यंतसुद्धा वाजतो. आता समजा अर्थच्या वाटेत ढिला स्क्रू आणि गंज मिळून १० ओहम आहेत. फॉल्ट झाला तर २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर वाहणार. १६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) २३ ला लगेच पडत नाही, कित्येक मिनिटं तसाच उभा राहू शकतो, आणि तेवढा वेळ मशीनची बॉडी जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर. बझर वाजला होता बरं का. दुसरी गोष्ट, अर्थच्या वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच तार शिल्लक असेल तर मल्टिमीटरच्या बारीकशा करंटला ती एक तार पुरते, रीडिंग चांगलंच येतं, पण फॉल्टचा खरा करंट आला की ती तार फ्यूजसारखी उडते. म्हणून पीएटीच्या मशीनमध्ये १० किंवा २५ अँपिअर सोडून बघायची सोय असते. तुमच्याकडे ते नसेल तर निदान लो-ओहम मीटर घ्या, लीड एकमेकांना लावून त्यांचा रेझिस्टन्स आधी वजा करा, आणि मापताना वायर बुटाजवळ आणि पिनटॉपजवळ वाकवत राहा. आकडा उड्या मारायला लागला तर तारा तुटल्यात, पुढे काही बघायचं नाही.

आकडा किती यावा? अर्थ पिनपासून बॉडीपर्यंत ०.१ ओहम अधिक वायरचा स्वतःचा रेझिस्टन्स. तांब्याची ०.७५ स्क्वेअर एमएमची फ्लेक्झिबल मीटरला साधारण ०.०२६ ओहम, १.५ ची ०.०१३ धरा. म्हणजे ३ मीटर ०.७५ ची वायर असलेल्या ड्रिलला ०.१८ च्या आत, पण २० मीटर १.५ च्या एक्स्टेंशनला ०.३६ पर्यंत ठीक. एकच आकडा सगळ्यांना लावला तर चांगला बोर्ड फेल होईल नाहीतर खराब ड्रिल पास होईल. आणि प्रोब रंगावर टेकवू नका, उघडा धातू शोधा, एखादा स्क्रू, चकजवळची कॉलर. चक स्वतः बेअरिंगवर फिरतो, त्यावर रीडिंग स्थिर येत नाही.

मग मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचं मीटर. ५०० व्होल्ट डीसी, फेज आणि न्यूट्रलच्या पिन एकत्र करून एक लीड त्यांना, दुसरी अर्थ पिनला. अर्थवाल्या मशीनला, म्हणजे क्लास वनला, किमान १ मेगाओम, आणि डबल इन्सुलेशनवाल्या क्लास टूला, ज्याच्या प्लेटवर चौकोनात चौकोन असतो, किमान २ मेगाओम. क्लास टूला अर्थ पिन नसते, म्हणून दुसरी लीड उघड्या धातूला, ग्राइंडरच्या गिअर हेडला किंवा स्पिंडलला लावायची, सगळं प्लास्टिक असेल तर हात धरतो त्या भागाला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून तिला. आणि इथे हमखास होणारी चूक, मशीनचा स्विच चालू पाहिजे! स्विच बंद ठेवून मेगर मारला तर आणि स्विच दोन्ही वायरी तोडणारा असेल तर पलीकडची फील्ड, आर्मेचर (मोटरची स्थिर आणि फिरती वाइंडिंग) मोजलीच जात नाहीत आणि रीडिंग झकास येतं. ट्रिगर दाबून लॉक करा. ज्या मशीनमध्ये कॉन्टॅक्टर किंवा रिले आहे, सप्लाय गेल्यावर आपोआप सुटणारा, त्यात मेगर आतपर्यंत पोचतच नाही, तिथे मशीन चालू ठेवून लीकेज (बॉडीकडे, अर्थकडे गळणारा करंट) मोजायचं. हातातल्या क्लास वन मशीनला ०.७५ मिलीअँपिअर, क्लास टूला ०.२५ मिलीअँपिअर या वरच्या मर्यादा धरतात. कॉम्प्युटर, सर्ज प्रोटेक्शनवाले बोर्ड यांना ५०० ऐवजी २५० व्होल्टवर घ्या.

तुमचं काम फॅब्रिकेशनचं आहे म्हणून एक वेगळं सांगतो. सगळे म्हणतात ४ इंची ग्राइंडर डबल इन्सुलेटेड असतो, त्याला काय बघायचं. पण ग्राइंडरचा पंखा लोखंडाची बारीक धूळ आत ओढत असतो, त्यात कार्बन ब्रशची पूड मिसळते आणि ही दोन्ही वीज वाहणारी. एका वर्षात आत काळा थर बसतो आणि मेगरचा आकडा ५० वरून ३ वर, मग १ च्या खाली येतो. मशीन उत्तम चालत असतं. हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. कव्हर उघडून कोरड्या हवेने झटकलं की बहुतेक वेळा आकडा परत वर येतो, नाही आला तर फील्ड किंवा आर्मेचर गेलंय. आणि आर्मेचर बदलताना स्वस्तातलं टाकू नका. कंपनीच्या आर्मेचरमध्ये शाफ्ट आणि पत्र्यांच्या मध्ये इन्सुलेशनचा थर असतो, ते दुसरं इन्सुलेशन तेच, नकली आर्मेचरमध्ये बऱ्याचदा तो नसतोच आणि मग ते मशीन नावालाच डबल इन्सुलेटेड राहतं. दुरुस्तीहून आलेलं प्रत्येक मशीन मेगर केल्याशिवाय फ्लोअरवर देऊ नका.

एक्स्टेंशन बोर्ड मी सगळ्यात आधी तपासतो, मशीन नंतर, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मेझनाईनचं काम चालू होतं, जुलै महिना, कपडे-बूट ओले. ॲल्युमिनियम बॉडीची १३ एमएमची जुनी ड्रिल मशीन. ती मी आठच दिवस आधी स्वतः तपासली होती, अर्थ, मेगर, सगळं व्यवस्थित. ठेकेदाराच्या मुलाने स्वतःचा बोर्ड आणला, त्याला जोडली, दुपारपर्यंत काम झालं. जेवणानंतर परत लावली आणि तो मुलगा मशीनला चिकटला. ओरडताही येत नव्हतं त्याला. खाली उभ्या असलेल्या पोराने डोकं लावून पिन उपटली म्हणून वाचला, हातावर भाजल्याची खूण राहिली. सगळे ड्रिलच्या मागे लागले, ड्रिलमध्ये काही नव्हतं. बोर्डला दोनच कोरची वायर होती, अर्थची वायरच नाही, आणि अर्थ आहे असं दिसावं म्हणून कोणीतरी सॉकेटच्या आत न्यूट्रलवरून तुकडा काढून अर्थच्या भोकाला जोडला होता. सकाळी टू पिन एका बाजूने बसली होती तेव्हा बॉडी न्यूट्रलवर होती, जेवणानंतर उलटी बसली आणि बॉडीवर थेट फेज. मशीनच्या चांगल्या अर्थनेच ती फेज त्याच्या हातापर्यंत नेली.

हा न्यूट्रलचा लूप अजून कितीतरी बोर्डांत आहे, आणि भयंकर गोष्ट ही की नेहमीच्या टेस्टमध्ये तो पास होतो. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघतात ना, तो लख्ख पेटतो. तीन लाइटवाला प्लग-टेस्टर ओके दाखवतो. (तसाही तो बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, १० ओहमच्या खराब अर्थवरही तेवढाच पेटेल.) सापडतो तो असा, बोर्ड सप्लायपासून पूर्ण काढा, बोर्डाला काही जोडलेलं नको, आणि सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थच्या भोकांमध्ये मोजा. पूर्ण ओपन यायला पाहिजे. शून्य आलं तर बोर्ड उघडा. मग फेज ते फेज, न्यूट्रल ते न्यूट्रल, अर्थ ते अर्थ अशी तिन्हीची सलगता बघा. दोन कोरची वायर आणि टू पिन असलेला एकही बोर्ड वर्कशॉपमध्ये ठेवू नका, आणि ठेकेदाराचे बोर्ड-मशीनं गेटवरच तपासायची, अपघात झाला तर जागा तुमची असते. रीळवाला बोर्ड वापरत असाल तर जड लोडला पूर्ण उलगडूनच, गुंडाळलेली वायर आत तापते आणि रबर वितळतं.

आता आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच, ३० मिलीअँपिअरचा. हा लावाच, शक्य तर प्रत्येक वर्कशॉप सॉकेटच्या लाइनवर. एमसीबी अँपिअर बघतो, माणसाला १० मिलीअँपिअरच्या आसपासच हात सोडवेनासा होतो, ती दोन वेगळी जगं आहेत. ३० मिलीअँपिअर लीकेजला आरसीसीबी ०.३ सेकंदात, आणि पाचपट म्हणजे १५० ला ०.०४ सेकंदात पडला पाहिजे, हे मोजायचा टेस्टर वेगळा मिळतो. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, तेवढ्याने निदान यंत्रणा जाम झाली नाही एवढं कळतं. सारखा पडतो म्हणून कोणी बायपास केला असेल तर आधी तो बायपास काढा आणि लीकेज कुठून येतं ते शोधा, ऑफिसमधले २०-२५ कॉम्प्युटर एकाच आरसीसीबीवर असतील तर त्यांच्या फिल्टरचं लीकेज मिळूनच तो पडू शकतो, लाइन वाटून द्या. पण आरसीसीबी आहे म्हणून अर्थ नको असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. अर्थ असेल तर फॉल्ट होताक्षणी तो पडतो, नसेल तर माणसाच्या अंगातून करंट जाईपर्यंत थांबतो.

कुलर उन्हाळ्यात तुमच्याकडेही लागत असतील. पत्र्याची बॉडी, आत पाणी, गंज, पंपाची वायर पाण्यात, आणि माणूस ओल्या फरशीवर उभा राहून पाणी भरतो. नागपूर, अकोला, चंद्रपूर भागात दर उन्हाळ्यात याने माणसं जातात. कुलरला थ्री पिन, अर्थ बॉडीच्या पत्र्याला रंग खरवडून बोल्टने, पंपाची वायर अख्खी, आणि पाणी भरताना पिन बाहेर. कुलर जेव्हा गोडाऊनमधून बाहेर निघतो तेव्हाच तपासा.

चहाची किटली, हीटर यांचा मेगर पावसाळ्यात खाली आलेला दिसतो, कारण एलिमेंटच्या आतली पावडर ओल धरते. हीटिंगच्या नगाला ०.३ मेगाओमपर्यंत चालवून घेतात, त्याखाली आलं तर अर्थ चांगली आहे याची खात्री करून आरसीसीबीच्या लाइनवर अर्धा तास चालवा, गार करून परत मोजा, तेव्हाही कमीच आलं तर फेका. बॅटरीच्या मशीनचा फक्त चार्जर बघायचा.

टाकीच्या किंवा व्हेसलच्या आत शिरून काम होत असेल तर तिथे हँडलॅम्प २४ व्होल्टचाच, आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर टाकीच्या बाहेर. इंग्लंडमध्ये बांधकामाच्या साइटवर ११० व्होल्टचे पिवळे ट्रान्सफॉर्मर असतात, मधला टॅप अर्थ केलेला, म्हणजे अर्थच्या मानाने ५५ व्होल्टच. तुमच्या कस्टमरच्या माणसाला ही भाषा लगेच कळेल.

किती दिवसांनी? माझी पद्धत सांगतो. ज्याच्या हातात मशीन त्याने रोज सुरू करायच्या आधी वायर आणि पिन बघायची, त्याला तसं शिकवायचं आणि खराब दाखवलं म्हणून रागवायचं नाही. ग्राइंडर, ड्रिल, एक्स्टेंशन दर महिन्याला मेंटेनन्सने नजरेखालून घालायचे आणि तीन महिन्यांनी रीडिंग. त्यातलं एक मे अखेरीस, पावसाच्या आधी. ऑफिसचे कॉम्प्युटर-प्रिंटर जागचे हलत नाहीत, त्यांना वर्षा-दीड वर्षाने बघितलं तरी चालतं. आणि मोठं पूर्ण टेस्टिंग मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ठेवतो. त्या वेळी सगळी हत्यारं पुसून एका जागी मांडायला काढतातच, लॉकरमधलं, कोपऱ्यात टाकलेलं, कोणाच्या तरी पेटीतलं मशीनसुद्धा बाहेर येतं, आणि पावसाळा संपत आल्यामुळे ओल जी बसायची ती बसलेली असते, मेगरला सगळं दिसतं. पूजेला फक्त पास झालेलं मशीन ठेवायचं असा आमच्याकडे नियमच झालाय, आणि मला तो मनापासून आवडतो.

रजिस्टरला नगाचा नंबर, क्लास, वायरची लांबी-जाडी, अर्थचा ओहम, मेगाओम, तारीख, सही. "ओके" हा शब्द लिहायचा नाही, आकडा लिहायचा, कारण मागच्या वेळी ४० मेगाओम आणि आता ४ असेल तर दोन्ही पासच आहेत, पण मशीन काहीतरी सांगतंय. स्टिकर लावा, पण तो तारखेसाठी.

फेल झालेला नग नुसता बाजूला ठेवू नका, दुसऱ्या शिफ्टला कोणीतरी उचलतो आणि तो परत कामावर जातो. पिनटॉप तिथल्या तिथे कापून घ्या, तो तुमच्या खिशात, मशीन स्टोअरला. तुमची पहिली वीस-पंचवीस रीडिंग आली की इथे टाका, वायरची लांबी आणि स्क्वेअर एमएम सोबत लिहा, त्याशिवाय अर्थचा आकडा बघून काही सांगता येत नाही.